भाकितांचा बाजार आणि कोयनेचा कातळ

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती. मार्गशीर्षातल्या थंडीत कोयनानगर गाढ झोपेत होते. काही सेकंदांत वसाहतीच्या भिंती कोसळल्या. सुमारे दोनशे माणसे दगडविटांखाली कायमची झोपली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. धरणाच्या भिंतीला तडे गेले. वीज खंडित झाल्याने मुंबई-पुण्याचे कारखाने थबकले. ६.३ तीव्रतेच्या त्या एका धक्क्याने दख्खनचे पठार अचल आणि निर्धोक आहे, हा पिढ्यान्‌पिढ्या जपलेला समज धुळीस मिळवला.

त्या पहाटेला आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणण्याची प्रथा मात्र कायम राहिली. त्या भाग्यरेषेखालच्या कातळात काय चालले आहे, याची जिज्ञासा किती मराठी घरांत टिकली? खोऱ्यात एखादा ठळक धक्का बसला की एक ठरलेला विधी पार पडतो. धरण सुरक्षित असल्याचे निवेदन निघते. वाहिन्यांवर तासभर चर्चा झडते. भ्रमणध्वनीवर ‘येत्या आठ दिवसांत मोठा भूकंप’ असे निनावी संदेश फिरू लागतात. चौथ्या दिवशी सारे विसरले जाते. या साऱ्या गदारोळात प्रश्न एकच विचारला जातो : पुढचा भूकंप केव्हा?

मुळात हा प्रश्नच चुकीचा आहे. योग्य प्रश्न असा की, कोयनेच्या पोटातील कातळ या घटकेला किती ताणलेला आहे आणि तो घसरण्यापासून किती दूर आहे? पहिल्या प्रश्नाचे विश्वासार्ह उत्तर जगात आजवर कोणीही देऊ शकलेले नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोजून मिळवता येते. आणि जे मोजता येते त्याकडे पाठ फिरवून, जे सांगता येत नाही त्यामागे धावण्याची सवय या समाजाला जडली आहे.

भाकितांचा फसवा व्यापार

भूकंपाचे भाकीत म्हणजे स्थळ, काळ आणि तीव्रता या तिन्ही गोष्टी अगोदर आणि नेमक्या सांगणे. कोयना-वारणा परिसरात लहानमोठे धक्के सततच बसत असतात. तेव्हा ‘पंधरा दिवसांत कोयनेला हादरा बसेल’ असे सांगणारा कोणीही भविष्यवेत्ता खरा ठरणारच! आषाढात पाऊस पडेल असे सांगण्याइतकेच ते भाकीत मोलाचे आहे. तरीही अशा मंडळींना श्रोते मिळतात आणि रात्रंदिवस यंत्रांची नोंदवही चाळणारा संशोधक मात्र ‘काही सांगता येत नाही’ म्हणतो म्हणून हास्यास्पद ठरतो. प्रामाणिकपणाची अशी अवहेलना कोणत्याही समाजाला परवडणारी नाही.

जगाचा अनुभव काय सांगतो? ४ फेब्रुवारी १९७५ रोजी चीनमधील हाइचेंग येथे भूकंपापूर्वी लोकांना घराबाहेर काढण्यात आले आणि असंख्य प्राण वाचले. भूकंपाचे भाकीत साधले, असा डंका पिटला गेला. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, त्याच चीनमधील तांगशान शहर कोणतीही पूर्वसूचना न मिळता उद्‌ध्वस्त झाले. अधिकृत आकड्यानुसार दोन लाख बेचाळीस हजार माणसे गेली. अमेरिकेत पार्कफील्ड येथे १९९३ पूर्वी भूकंप होईल, असा अंदाज १९८५ मध्ये वर्तवण्यात आला होता. जगातील उत्तमोत्तम यंत्रे तेथे मांडून ठेवली होती. तो भूकंप आला २००४ मध्ये, अकरा वर्षे उशिरा आणि कोणतीही खूण न देता. या दाखल्यांतून शास्त्राची मर्यादा दिसते, हे खरे. परंतु शास्त्राने त्यातून काढलेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. पृष्ठभागावरील खाणाखुणा पाहून भागत नाही. ज्या खोलीवर भूकंप जन्म घेतो, तेथील कातळाची स्थिती जाणून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

पाटा, वरवंटा आणि पाणी

ही स्थिती समजून घेण्यासाठी घरातला पाटा-वरवंटा पुरेसा आहे. वरवंटा पाट्यावर जोराने दाबून धरला आणि त्याच वेळी पुढे ढकलला, तर तो सहजी हलत नाही. दाब जेवढा अधिक, तेवढी पकड घट्ट. पण ढकलण्याचा जोर वाढत गेला तर एका क्षणी तो झटक्यात सरकतो. भूगर्भातील भ्रंश, म्हणजे कातळातील जुनी भेग, नेमकी याच अवस्थेत असते. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबणारा ताण तिला जखडून ठेवतो आणि भेगेच्या दिशेने ढकलणारा ताण तिला सरकवू पाहतो. शास्त्राच्या परिभाषेत यालाच प्रतिबल म्हणतात. दुसऱ्या ताणाने पहिल्यावर मात केली की कातळ घसरतो आणि भूकंप होतो.

यात तिसरा भागीदार आहे पाणी. भेगेत दाबाखाली शिरलेले पाणी दोन्ही बाजूंना किंचित दूर लोटते आणि पकड सैल करते. ढकलणारा जोर तसूभरही न वाढता केवळ पकड सैल झाल्याने कातळ घसरू शकतो. जलाशय आणि भूकंप यांच्या नात्याचे मर्म येथे आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात रेंजली येथील तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ या काळात ती कसोटीला लावण्यात आली. संशोधकांनी आधी कातळातील ताण मोजला, त्याच खडकाचे घर्षण प्रयोगशाळेत तपासले आणि पाण्याचा दाब सुमारे २५७ बार झाला की भ्रंश सरकू लागेल, असे गणित मांडले. मग पाणी आत सोडून आणि बाहेर काढून पाहिले. दाब त्या मर्यादेपलीकडे गेला की धक्के वाढत आणि दाब उतरवला की ते ओसरत. निसर्गाच्या पोटात हात घालून भूकंपाची कळ सापडल्याचे ते पहिले ठळक उदाहरण. अगोदर ताण मोजला होता, म्हणूनच ते शक्य झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

ताण मोजतात तरी कसा?

कातळात खोल विंधनछिद्र पाडले जाते. त्याचा छोटा टप्पा वर आणि खाली फुगणाऱ्या रबरी बुचांनी बंद करतात. मधल्या पोकळीत पंपाने पाणी दाबले जाते. एका विशिष्ट दाबाला छिद्राची भिंत तडकते. पंप थांबवला की तडा मिटू लागतो आणि त्या क्षणीचा दाब तेथील सर्वात कमी आडवा ताण सांगून जातो. तडा ज्या दिशेने पडतो, ती सर्वाधिक आडव्या ताणाची दिशा असते. शिवाय प्रचंड ताणाखाली छिद्र गोल राहत नाही. दोन समोरासमोरच्या बाजूंनी त्याचे कपचे निघतात आणि ते लंबगोल होते. त्यावरूनही ताणाची दिशा कळते. वैद्याने नाडी पाहावी तशी ही कातळाची नाडीपरीक्षा आहे. फरक इतकाच की ही नाडी हाताला लागण्यासाठी किलोमीटरच्या किलोमीटर खोल उतरावे लागते.

कोबेच्या १९९५ मधील भूकंपानंतर जपानने तेथील नोजिमा भ्रंशात छिद्रे पाडली. तैवानने १९९९ च्या चि-ची भूकंपानंतर तेच केले. अमेरिकेने २००४ ते २००७ या काळात सॅन अँड्रियास भ्रंश आरपार छेदला आणि सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीवरून भेगेतील द्रव्य वर आणले. ते साबणासारख्या निसरड्या मातीचे निघाले. तेथे पकड मुळातच एवढी दुबळी का, या अनेक दशकांच्या कोड्यावर त्या मूठभर मातीने प्रकाश टाकला. पुढे २००८ मध्ये खोलवर बसवलेली उपकरणे तेथील प्रतिकूल परिस्थितीत अल्पावधीत निकामी झाली. म्हणून कोणी त्या साऱ्या उद्योगाला मूर्खपणा ठरवले नाही.

कोयनेतील भगीरथ प्रयत्न

या शास्त्रासाठी कोयनेइतकी अनुकूल जागा जगात क्वचितच सापडेल. १९६२ मध्ये शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यापासून येथे धक्के बसत आले आहेत. १९८५ पासून वारणेचा जलाशय भरू लागला आणि पुढे धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले. सारे धक्के जेमतेम वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब अशा पट्ट्यात एकवटलेले आहेत. त्यांची खोली बहुतांशी दहा किलोमीटरच्या आत आहे. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर त्यांचे प्रमाण वाढते आणि हिवाळ्यात पाणी उतरू लागते तेव्हा पुन्हा वाढते. निसर्गाने स्वतःच येथे प्रयोगशाळा मांडून ठेवली आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी, विशेषतः हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही प्रयोगशाळा ओळखली. धरणे आणि भूकंप या विषयावर गुप्ता आणि रस्तोगी यांनी १९७६ मध्ये लिहिलेला ग्रंथ जगभर वाचला गेला. पुढे केंद्राच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने कराड येथे खोल विंधनासाठी स्वतंत्र संशोधन प्रयोगशाळा उभी केली. आधी सुमारे दीड किलोमीटरपर्यंतची छिद्रे पाडण्यात आली आणि काहींत भूकंपमापके उतरवण्यात आली. मग गोठणे येथे पथदर्शी छिद्र घेण्यात आले. ते जून २०१७ मध्ये तीन किलोमीटरपर्यंत पोहोचले.

या छिद्राने काय दिले? पहिल्या सुमारे सव्वा किलोमीटरमध्ये साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण लागला. त्याखाली थेट अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटी कातळ. पृष्ठभागावरून ज्याच्याविषयी केवळ तर्क करता येत होता, तो कातळ एवढ्या खोलीवरून हाती आला. तीन किलोमीटर खोलीपर्यंत पाणी पोहोचलेले आढळले आणि ते पावसाचे पाणी असल्याचे दिसले. म्हणजे सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस भेगाभेगांतून एवढ्या खोलवर मुरतो. आणि छिद्रातील मोजमापांचा सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष असा की, येथील कातळ मुळातच घसरण्याच्या उंबरठ्यावर आहे. ताणातील अगदी लहान फरकही त्याला हलवण्यास पुरेसा ठरतो.

दोन बाजूंचे अर्धसत्य

हा निष्कर्ष दोन परस्परविरोधी गटांची पंचाईत करणारा आहे. एक गट म्हणतो, धरणानेच भूकंप आणला, तेव्हा धरणे नकोत. दुसरा गट म्हणतो, पाण्याचा आणि भूकंपाचा संबंधच नाही. दोन्ही गटांना घोषणा प्रिय आहेत आणि आकडे नकोसे आहेत.

साधे गणित पाहावे. शंभर मीटर खोल पाण्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलो होतो. पाच किलोमीटर खोलीवर केवळ वरच्या कातळाचा भार दर चौरस सेंटिमीटरला साडेतेराशे किलोंच्या घरात जातो. जलाशयाचा भार खोलवर पसरत जाऊन आणखीच क्षीण होतो. एवढ्याशा भाराने धडधाकट कातळ घसरणार नाही. तो घसरतो, याचा अर्थ ताण आधीच काठोकाठ भरलेला होता आणि जलाशयाने त्यात शेवटची ओंजळ टाकली. घागर धरणाने भरलेली नाही, हे पहिल्या गटाने मान्य करावे. आणि ओंजळ कोणी टाकली, हे दुसऱ्या गटाने नाकारू नये.

धरण महाराष्ट्राला हवेच आहे. त्या विजेवर राज्याचा संसार उभा राहिला. परंतु जलाशय भरण्याचा वेग, पातळी आणि भूकंप यांचे नाते तपासणे हे धरणाशी वैर नव्हे. पातळी आठवड्याला बारा मीटरहून अधिक वेगाने चढली तेव्हा मोठे धक्के बसल्याचे निरीक्षण गुप्ता यांनी १९८३ मध्ये मांडले होते. एवढी एकच अट पुरेशी नसल्याचेही पुढे दिसून आले. कोणती अट पुरेशी, हे समजण्याचा मार्ग पुन्हा कातळातील ताण आणि पाण्याचा दाब मोजण्यातूनच जातो.

‘भोक पाडून काय मिळाले?’

एक तिसरा वर्गही आहे. तो सुशिक्षित आहे, कर भरतो आणि दिवाणखान्यात बसून विचारतो : एवढे खोल भोक पाडूनही तारीख सांगता येत नसेल, तर पैसा गेला कुठे?

या प्रश्नाला किल्लारी हे उत्तर आहे. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसराला वारंवार हादरे बसत होते. लोक भयभीत होते. पण त्या काळी नकाशावर तो प्रदेश सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. तेथील कातळाची खोलवरची स्थिती कोणी मोजलेली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडण्यापूर्वीच, गणेशविसर्जनाच्या थकव्याने झोपी गेलेली गावे दगडमातीच्या घरांसह ढिगारा झाली. हजारो माणसे गेली. त्यानंतर किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र पाडण्यात आले आणि ३३८ मीटर काळ्या पाषाणाखालचा कातळ शास्त्राने पाहिला. आधी प्रेते मोजली, मग कातळ मोजला! हा क्रम उलटवण्यासाठीच कोयनेतला खर्च आहे.

मोजलेला ताण तारीख सांगत नाही, हे शंभर टक्के खरे. पण कोणत्या दिशेचे भ्रंश घसरण्यास सज्ज आहेत आणि कोणते घट्ट जखडलेले आहेत, पाण्याचा किती दाब त्यांना सोसेल, हे तो सांगतो. खोट्या सिद्धान्तांना तो बाद करतो. त्यावरून घर कसे बांधावे, शाळा कोठे उभारावी, धरणाची भिंत कोणत्या हादऱ्याला सज्ज ठेवावी, हे ठरवता येते. रक्तदाब मोजणारा वैद्य झटक्याची तारीख देत नाही. म्हणून कोणी रक्तदाब मोजणे थांबवत नाही.

अभिमान आणि उत्तरदायित्व

काही मंडळी याच्या उलट टोकाला जातात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूकंपावर स्वतंत्र अध्याय आहे, तेव्हा नवे ते काय शिकायचे, असा त्यांचा अभिनिवेश असतो. तो अध्याय खरोखरच अभिमानास्पद आहे. पण वेगळ्या कारणासाठी. भूकंप महाकाय जलचरांमुळे होतो, पृथ्वी पेलणाऱ्या दिग्गजांच्या थकव्यामुळे होतो की वाऱ्यांच्या टकरीमुळे, अशी आपल्या पूर्वसूरींची भिन्नभिन्न मते वराहमिहिराने शेजारी शेजारी नोंदवली. जे मतभेद होते ते त्याने लपवले नाहीत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या साधनांनी जेवढे शक्य, तेवढे संकलन आणि निरीक्षण त्याने केले. आज त्याचा वारसा सांगणाऱ्यांच्या हाती तीन किलोमीटर खोल जाणारे यंत्र आहे. तरीही ते पोथी कपाळाला लावून थांबणार असतील, तर ते त्या आचार्याचे वारस नव्हेत, केवळ पुजारी ठरतील.

स्वावलंबनाची भाषा करणाऱ्यांनी तर कोयनेकडे विशेष लक्ष द्यायला हवे. कॅलिफोर्नियाचा भ्रंश कॅलिफोर्नियाचाच आहे. तेथील आकडे सह्याद्रीला लावता येत नाहीत. बेसॉल्टखालच्या प्राचीन कातळाचा ताण जगातल्या कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही. तो येथेच, येथल्या हातांनीच मोजावा लागतो. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या आणि ताणाखाली कातळ कसा स्फोटासारखा फुटतो, हे तेथील कामगारांनी प्राण देऊन शिकवले. तो अनुभव या देशाच्या गाठीशी आहे. बुद्धी आहे, साधने आहेत. उणीव आहे ती धीराची.

गोठण्याचे छिद्र पथदर्शी होते. त्याचे प्रयोजनच मुळी पुढची वाट दाखवण्याचे होते. जेथे धक्के प्रत्यक्ष जन्म घेतात, त्या खोलीजवळ कायमस्वरूपी वेधशाळा उभी राहून वर्षानुवर्षे ताण, पाण्याचा दाब आणि तापमान नोंदवले गेले, तरच या साऱ्या परिश्रमांचे चीज होईल. असे काम एका अंदाजपत्रकाच्या वर्षात किंवा एका निवडणुकीच्या मुदतीत बसत नाही. म्हणूनच समाजाने त्याची पाठराखण केली पाहिजे. पाटण तालुक्यातील शाळकरी मुलाला आपल्या पायाखालच्या कातळाविषयी काय समजले आहे, हे त्याच्या मातृभाषेत सांगितले गेले पाहिजे. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि ज्यांची घरे हादऱ्यांखाली आहेत, त्या खोऱ्याचा हा पहिला हक्क आहे. त्यांची घरे भूकंप सोसतील अशी बांधली गेली की नाही, याची विचारणा धक्का बसल्यावर नव्हे, तर शांततेच्या दिवसांत झाली पाहिजे.

संध्याकाळी घरात दिवा लागतो, तेव्हा तो उजेड कोणत्या खोऱ्यातून येतो याचे स्मरण महाराष्ट्राला असावे. त्या खोऱ्याने राज्याला पाणी दिले, जमीन दिली, पहाटेच्या काळोखात दोनशे माणसेही दिली. त्याच्या बदल्यात राज्याने त्याला भाकिते, अफवा आणि श्रद्धांजलीचे ठराव दिले. कातळ ताण लपवत नाही. तो मोजून घेण्याची चिकाटी समाजाने दाखवावी, एवढीच त्या खोऱ्याची अपेक्षा आहे. ती पुरी झाली नाही, तर पुढच्या वेळी दोष निसर्गाच्या माथी मारता येणार नाही.